एका अनोळखी वृक्षाची ओळख

गेल्या ज्येष्ठात काही घरगुती कामानिमित्त आमचे सोलापुरास जाणे झाले. मुक्काम सात रस्त्याजवळच्या एका जुन्या बंगल्यात, एका स्नेह्यांच्या घरी होता. १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोने सोलापूरचा किल्ला घेतल्यानंतर ह्या शहरी इंग्रजांची छावणी बसली. छावणी केव्हाच उठली; परंतु ‘सदर बझार’ हे नाव मागे राहिले, आणि आजूबाजूच्या भागात ऐसपैस आवारांचे काही बंगलेही राहिले. आमच्या स्नेह्यांचे घर त्यांपैकीच एक. पुढे व्हरांडा, मागे विहीर आणि विहिरीपलीकडे बाग. बाग म्हणजे आता नावाचीच. कडुनिंब, दोन आंबे, वाळून गेलेली कर्दळ, आणि कोपऱ्यात एक मोठे झाड, ज्याचे नाव घरात कोणासच ठाऊक नव्हते.

ह्या झाडामुळेच प्रस्तुत लेख लिहिण्याचा प्रसंग आला. बंगल्याच्या वाटण्या झाल्या होत्या. बागेच्या जागी इमारत उठावी असा घरातील तरुण मंडळींचा विचार होता, आणि नकाशात त्या इमारतीची भिंत नेमकी ह्या झाडाच्या बुंध्यातून गेली होती. स्नेही आम्हांस म्हणाले, “आमच्या आजोबांनी हा बंगला घेतला तेव्हाही हे झाड असंच उभं होतं. तुम्ही पुस्तकांत वावरणारी माणसं. त्याचं नाव तेवढं सांगून जा. नाव असलं म्हणजे घरात चार शब्द बोलता येतात. ‘काहीतरी जंगली झाड’ म्हटलं की बोलणंच खुंटतं.”

आमचे वनस्पतिशास्त्राचे ज्ञान बेताचेच. तथापि अनोळखी झाड ओळखण्याची जी सर्वसाधारण रीत आहे, ती सोपी असून कोणासही साधण्यासारखी आहे. प्रथम खोड व पान पाहावे, मग फूल, मग फळ; आणि एका खुणेवर कधीही निकाल देऊ नये. आम्ही त्याच क्रमाने निघालो. झाडास नुकतीच पालवी फुटली होती. घरातील वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या की, वर्षातले कितीतरी महिने ते निष्पर्णच असते आणि पावसाची चाहूल लागली की जागे होते. एका देठाच्या टोकाशी पाच, कोठे सहा-सात, पर्णिका हाताच्या बोटांसारख्या पसरलेल्या. पाहताक्षणी आम्ही म्हटले, ही सावर! काटेसावरीचे पान असेच असते, आणि तिचीही पाने वर्षातून एकदा झडून जातात. परंतु खोडाकडे नजर जाताच आमचा निर्णय डळमळला. काटेसावरीच्या अंगावर शंकूसारखे काटे असतात; येथे काट्याचे नाव नाही. खोड करड्या रंगाचे, गुळगुळीत, जागोजागी वळ्या पडलेले, जणू हत्तीचे कातडेच. बुंधा एवढा की तीन माणसांनी हातांत हात गुंफावे तेव्हा कोठे कवेत यावा. आणि वर मात्र फांद्या आखूड व विरळ. पांढरी सावर म्हणावी, तर तिच्या फांद्या खोडापासून आडव्या, चक्राकार निघतात. तशाही ह्या नव्हत्या.

दुसरी खूण फुलाची. सकाळी झाडाखाली एक-दोन मलूल, तपकिरी पडलेली मोठी फुले सापडली. परंतु झाडावर उमललेले फूल एकही दिसेना. तेव्हा दिवेलागणीपर्यंत थांबावयाचे ठरले. सूर्यास्तानंतर लांब देठावर खाली लोंबणाऱ्या गोल कळ्या उलगडू लागल्या. पांढऱ्या, जाड पाकळ्या मागे वळल्या आणि मधून पुंकेसरांचा एक भला मोठा गोंडा खाली लटकू लागला. वास काही मोहक नव्हता. किंचित उग्रच म्हणावा लागेल. थोड्याच वेळात अंधारात वटवाघळांची फडफड ऐकू आली, आणि हे फूल रात्री का उमलते ह्याचा उलगडा झाला. त्याचे परागण मुख्यतः वटवाघळांकडून होते. दुसऱ्या दिवशी ते कोमेजून गळून पडते. काटेसावरीची लाल फुले शिशिरात निष्पर्ण फांद्यांवर भर उन्हात झळकतात. सावरीचा पक्ष येथे निकालात निघाला.

तिसरी खूण फळाची, आणि ती आमच्या हाती आली ती बागेतील म्हाताऱ्या माळ्यामुळे. तो मूळचा विजापूरकडचा. मराठी बोले, पण मनातले बोलावयाचे झाले की कानडीवर येई. आमची ही सारी खटपट तो विहिरीच्या कट्ट्यावर बसून पाहत होता. अखेर म्हणाला, “दोड्ड हुणसे, साहेब.” हुणसे म्हणजे चिंच, दोड्ड म्हणजे मोठी. आम्हांस हसू आले. चिंचेचे ते नाजूक, झालरीसारखे पान कोठे आणि हे पंजासारखे पान कोठे! माळी काही न बोलता खोपटात गेला आणि गेल्या हंगामातले एक वाळलेले फळ घेऊन आला. लांबट, दुधीभोपळ्याच्या आकाराचे, वर मखमलीसारखी लव, कवच लाकडासारखे टणक. त्याने ते दगडावर आपटून फोडले. आत तंतूंच्या जाळीत पांढरा, कोरडा, पिठासारखा गर आणि त्यात तपकिरी बिया. गराचा एक खडा जिभेवर ठेवला, आणि आमचे हसू तेथेच थांबले. चव शुद्ध आंबट. निरक्षर माळ्याने ज्या खुणेवरून झाड ओळखले होते, ती आमच्या तिन्ही खुणांत शेवटची होती आणि सर्वांत खरी.

हे झाड म्हणजे गोरखचिंच. क्वचित तिला चोरचिंच असेही म्हणतात. शास्त्रीय नाव अ‍ॅडॅन्सोनिया डिजिटाटा. जगात ती बाओबाब ह्या नावाने प्रसिद्ध आहे. गंमत अशी की चिंचेशी तिचे काहीच नाते नाही. तिचे कूळ जास्वंदीचे, भेंडीचे आणि कापसाचे. १८७७ साली निघालेल्या जुन्या गिरणीपासून ज्या शहराने कापसावर आपला संसार उभारला, त्या शहरात कापसाचीच ही थोरली नातलग इतकी वर्षे अनोळखी उभी राहावी, हा योगायोग म्हणावयाचा.

ह्या झाडाची ओळख पटवताना आम्हीच अडखळलो असे नाही. युरोपातील पंडितांसही ती सुखासुखी पटली नाही. प्रोस्पेरो अल्पीनी नावाच्या इटालियन वैद्याने कैरोच्या बाजारात हे फळ पाहिले आणि १५९२ साली प्रसिद्ध झालेल्या ईजिप्तच्या वनस्पतींवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले; पण झाडाची खरी माहिती युरोपास पुष्कळ काळाने मिळाली. १७४९ ते १७५४ ह्या काळात मिशेल आदांसों हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ सेनेगालात राहिला. त्याने प्रत्यक्ष वृक्ष मोजले आणि त्यांचे सविस्तर वर्णन केले. लिनियसने १७५९ साली त्याचेच नाव ह्या वृक्षास दिले. ‘डिजिटाटा’ म्हणजे बोटांसारखे, ते पानावरून. ह्या प्रजातीचे एकंदर आठ प्रकार आज ओळखले जातात. त्यांपैकी सहा केवळ मादागास्कर बेटावर, एक ऑस्ट्रेलियात व एक आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर. सोलापुरातील झाड ह्या शेवटच्या प्रकाराचे, अर्थात आफ्रिकेचे.

मग आफ्रिकेचे झाड दख्खनच्या पठारावर आले कसे? इतिहासाच्या अभ्यासकास खरा रस आहे तो ह्या प्रश्नात. पुष्कळ काळपर्यंत एक सोपे उत्तर दिले जाई, ते असे की पोर्तुगिजांनी आणले. वसईच्या किल्ल्यात गोरखचिंचेचे जुने वृक्ष आहेत, आणि चिमाजी अप्पांनी १७३९ साली ती जिंकीपर्यंत वसई पोर्तुगिजांची होती. तेव्हा हे उत्तर पटण्यासारखेही वाटे. परंतु त्यास बाध आणणारा एक पुरावा अलीकडे पुढे आला आहे. प्रयागजवळच्या झुंशी येथील आणि बाराबंकी जिल्ह्यातील किंतूर येथील गोरखचिंचांच्या लाकडाचे नमुने कार्बनच्या पद्धतीने तपासले गेले, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन्ही वृक्षांचे वय सुमारे पावणेआठशे ते आठशे वर्षे भरले. वास्को द गामा कालिकतला उतरला तो १४९८ साली. त्यापूर्वी अडीचशेहून अधिक वर्षे ही झाडे गंगा-यमुनेच्या प्रदेशात रुजली होती. यास्तव आणणारे पोर्तुगीजही असतील, परंतु पहिले ते नव्हेत.

दुसरा पुरावा जनुकांचा. भारतातील व आफ्रिकेतील गोरखचिंचांची तुलना करणारा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातून असे दिसले की ही झाडे एकदाच व एकाच ठिकाणाहून आलेली नाहीत. निरनिराळ्या काळी, आफ्रिकेच्या निरनिराळ्या किनारी भागांतून ती येत गेली. हे ऐकून आम्हांस सात रस्त्याची आठवण होणे साहजिकच होते. अरबी समुद्रातील व्यापार मोसमी वाऱ्यांवर कित्येक शतके चालू होता. गलबतांतून हस्तिदंत आले, सोने आले, आणि दुर्दैवाने विकत घेतलेली माणसेही आली. टणक कवचातले हे फळ पुष्कळ दिवस टिकते, गर खाता येतो आणि बी रुजवता येते. असे फळ कोणाच्या तरी शिदोरीत असावे ह्यात नवल ते काय?

ही माणसे पुढे दख्खनच्या इतिहासात केवढी मोठी झाली, हे वाचकांस सांगावयास नको. हबसाणात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. १६२४ साली भातवडीस त्याने मोगल व विजापूरकर ह्यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला आणि त्यानंतर सोलापूरही घेतले. हे सोलापूर म्हणजे दोन शाह्यांमधील कायमची कुरापत. चांदबिबीच्या विवाहात ते विजापूरकरांस आंदण म्हणून दिले गेले होते, आणि तेव्हापासून ते कोणाचे ह्यावरून तंटे चालत. विजापूर दरबारीही हबशी सरदारांचा मोठा दबदबा होता. पन्हाळ्यास १६६० साली वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर त्यांच्यापैकीच. विजापूर येथून सुमारे शंभर किलोमीटर, आणि तेथेही गोरखचिंचेचे जुने वृक्ष आहेत. गोवळकोंड्याच्या किल्ल्याजवळ तर एक असा प्रचंड वृक्ष आहे की त्याच्या पोकळीत कित्येक माणसे सहज मावतात. ज्या राज्यांत आफ्रिकेतून आलेली माणसे होती, त्याच राज्यांच्या राजधान्यांजवळ आफ्रिकेतून आलेली झाडेही उभी आहेत. कोणते झाड कोणी लावले हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण कोणत्या जगात ही झाडे आली ते मात्र कळते.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. बुंध्याच्या घेरावरून गोरखचिंचेचे वय सांगण्याचा मोह सर्वांस होतो. खुद्द आदांसोंने काही वृक्षांचे वय पाच हजार वर्षांहून अधिक धरले होते. परंतु हे झाड पुष्कळदा अनेक खोडे एकत्र जुळून मोठे होते, पोकळ्याही त्यामुळे पडतात, आणि त्याच्या वलयांवर विसंबता येत नाही. म्हणून आमच्या स्नेह्यांच्या झाडास आम्ही ना मलिक अंबराचा काळ दिला ना मन्रोचा. आजोबांच्या वेळी ते मोठे होते, एवढेच आम्हांस ठाऊक आहे आणि तेवढेच आम्ही लिहितो.

वय न सांगणारे हे झाड आपल्या नावांतून मात्र पुष्कळ सांगते. गोरखनाथांनी ह्याच्या छायेत बसून शिष्यांस उपदेश केला अशी समजूत असल्याने ते गोरखचिंच झाले. कर्नाटकात सावनूर येथील मठाच्या आवारात ह्याचे तीन महावृक्ष होते. तो मठ ‘दोड्डहुणसे’ ह्याच नावाने ओळखला जातो. २०२३ साली त्यांतील एक कोसळला, तेव्हा लोक हळहळले आणि तो पुन्हा उभा करण्याची खटपट झाली. माळव्यात मांडू येथे ह्यास ‘खुरासानी इमली’ म्हणतात. किंतूरचे लोक त्यास स्वर्गातून आणलेला पारिजात मानतात आणि कुंतीची कथा सांगतात. आपल्या अंगणातल्या केशरी देठाच्या पारिजातकाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

ह्यांतील खुरासानी हे नाव विचार करण्यासारखे आहे. खुरासान इराणाकडे, तेथे हे झाड होत नाही. मग नाव खोटे म्हणावे काय? आमच्या स्वयंपाकघरात ह्याचे उत्तर सापडते. ज्याला आपण कारळे म्हणतो, त्यालाच खुरासणी असेही म्हणतात, आणि ते पीक मूळचे हबसाणचे! अर्थात ‘खुरासानी’ म्हणजे ‘समुद्रापलीकडून, परमुलखातून आलेले’ एवढाच अर्थ लोकांनी धरलेला दिसतो. ‘विलायती चिंच’ हे नावही त्याच जातीचे. ती मुळात मेक्सिको व मध्य अमेरिकेची; विलायतेचा आणि तिचा संबंध नाही. गाव चुकले, पण ‘ही पाहुणी आहे’ ही आठवण लोकांनी नावात जपून ठेवली. आणि जिच्यावरून ह्या दोघींची नावे पडली ती आपली घरची चिंच? अरबांनी तिला ‘हिंदचा खजूर’ म्हटले, आणि पुढे जगाने तेच नाव उचलले. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञ तिचे मूळही उष्ण कटिबंधातील आफ्रिकेतच दाखवतात. तीन चिंचा, आणि तिघींचेही माहेर परदेशी!

सोलापूरच्या ताटाकडे पाहिले म्हणजे हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, आमटीत चिंचेचा कोळ. ज्वारी प्रथम पिकवली गेली ती ईशान्य आफ्रिकेच्या भागात. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. ह्यांना परके म्हणण्याचे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही, कारण ती आपल्या चुलीपर्यंत पोहोचली. गोरखचिंच मात्र अंगणापर्यंतच आली. तिच्या गराचे सरबत कोठे कोठे करीत, वाळलेली फळे किनाऱ्यावरचे कोळी जाळ्यांस तरंगण्यासाठी बांधीत. पण घरोघर ती शिरली नाही. जे रोजच्या वापरात येते त्याचे नाव टिकते, आणि नाव टिकले की परकेपणा सरतो. ज्याचे नाव विसरले जाते ते झाड दारात शंभर वर्षे उभे असले तरी अनोळखीच राहते. परके कोण आणि आपले कोण ह्याचा निवाडा मूळस्थान करीत नाही. तो आपली आठवण करते.

ह्या विस्मरणाची किंमत झाडास भरावी लागते. ८ मे १९३० रोजी सोलापूरच्या लोकांनी रूपाभवानीकडे शिंदीची झाडे तोडली. ती कसली झाडे आहेत आणि आपण ती कशासाठी तोडतो आहोत हे तोडणाऱ्या प्रत्येकास पक्के ठाऊक होते. त्या दिवसाच्या गोळीबाराची आणि पुढच्या लष्करी कायद्याची हकीकत सर्वश्रुत आहे. आज आवारातील झाडे जातात ती अशा कोणत्याही हेतूवाचून, बहुधा ती कसली आहेत हे कोणास ठाऊक नसते म्हणून. वास्तविक महाराष्ट्रात शहरांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. त्यात झाडांची गणना करण्याची तरतूद आहे, परवानगीवाचून झाड तोडण्यास मनाई आहे. आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांस विशेष मान दिला आहे. परंतु कायदा झाला तरी तो नावाने हाक मारल्यावाचून धावून येत नाही. यादीत ‘इतर’ म्हणून नोंदलेल्या झाडाची कड घेणार कोण?

निघण्याच्या दिवशी सकाळी आम्ही एका कागदावर मराठी, कानडी व शास्त्रीय अशी तिन्ही नावे लिहून स्नेह्यांच्या हवाली केली, आणि नाव ज्याने प्रथम सांगितले त्या माळ्याचा उल्लेखही त्यात केला. घरातील तरुण मंडळींनी तो कागद वाचला. एकाने नकाशा पुन्हा उलगडला. दुसऱ्याने बागेत जाऊन खाली पडलेले एक फूल उचलून आणले आणि ते टेबलावर ठेवले. भिंत सरकेल की नाही ह्याचा निर्णय आम्ही असेपर्यंत झाला नव्हता. परंतु बोलणे मात्र सुरू झाले होते, आणि त्यात ‘ते झाड’ असे न म्हणता ‘गोरखचिंच’ असे सर्वजण म्हणत होते.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या आवारात, शाळेच्या पटांगणात किंवा गावच्या जुन्या वाड्यामागे असे एखादे निनावी झाड असेल. त्याचे पान वहीत दाबून ठेवावे, ते कोणत्या महिन्यात फुलते ते लिहून ठेवावे, फळ फोडून पाहावे. आणि पुस्तके चाळण्यापूर्वी घरातल्या वा शेजारच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसास एकदा विचारावे. ह्या शेवटच्या गोष्टीस विलंब लावू नये, एवढेच आमचे मागणे आहे.